रुग्णाची वेळ आणि विद्यार्थ्याची वेळ

वैद्यकाच्या व्यवहारात औषधाइतकीच मोलाची अशी एक वस्तू आहे, पण तिची नोंद कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर आढळत नाही. ती वस्तू म्हणजे वेळ. डॉक्टर रुग्णाला किती वेळ देतो, त्या वेळेसाठी रुग्णाला किती वेळ तिष्ठत बसावे लागते, आणि ज्या रुग्णालयात नवे डॉक्टर घडविले जातात तेथे शिकणाऱ्याच्या वाट्याला किती वेळ येतो, या तीन गोष्टींवर उपचाराचा बराचसा दर्जा अवलंबून असतो. अलीकडे ही वेळ वाटून देण्याचे काम आपण संगणकाकडे सोपविले आहे. तो ते कसे करतो, आणि त्याच्याकडून ते नीट करवून घ्यावयाचे तर आपण त्याला काय सांगितले पाहिजे, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाला गावाकडून एक विचारणा हमखास होते : ‘एम्समध्ये नंबर लावून ठेवता येईल का?’ पूर्वी ती पत्रातून येई, आता ती दूरध्वनीवरून येते, एवढाच काय तो फरक. या एका प्रश्नामागे पुष्कळ काही दडलेले असते. जिल्ह्याच्या ठिकाणी झालेल्या तपासण्या, उसनवारीने जमविलेले पैसे, रेल्वेचे आरक्षण, बुडणारी मजुरी आणि मनातील धाकधूक. ज्याचा नंबर लागतो त्याला केवळ एक क्रमांक मिळतो असे नव्हे; परक्या शहरात किती दिवस काढावयाचे याचा त्याला अंदाज येतो.

ज्या संस्थेकडे ही माणसे येतात तिचा जन्मच मुळी दुहेरी हेतूने झाला आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला. देशात उच्च दर्जाचे वैद्यकीय शिक्षक आणि संशोधक तयार करणारी एक मध्यवर्ती संस्था असावी, अशी शिफारस तीत होती. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी ही कल्पना मनावर घेतली. कोलंबो योजनेखाली न्यूझीलंडने आर्थिक साहाय्य दिले. १९५२ साली कोनशिला बसली आणि १९५६ साली संसदेच्या कायद्याने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अस्तित्वात आली. हीच आपली एम्स. म्हणजे शिक्षण हा तिच्या स्थापनेमागचा मूळ उद्देश आहे. राजधानीतील इतर मोठ्या रुग्णालयांचीही थोडीफार हीच गोष्ट आहे. लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालय १९१६ सालापासून स्त्रियांना डॉक्टर करीत आले आहे. पूर्वीचे आयर्विन, म्हणजे आताचे लोकनायक रुग्णालय, मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. आणि सफदरजंग रुग्णालयाच्या आवारातही वैद्यकीय महाविद्यालय चालते. मुंबईचे केईएम आणि पुण्याचे ससून हीदेखील याच जातीची रुग्णालये होत. येथे एकाच खोलीत, एकाच वेळी, एक माणूस बरा होण्यासाठी बसलेला असतो आणि दुसरा त्याला बरे कसे करावे हे शिकत असतो.

या खोलीपर्यंत पोहोचण्याचा जुना मार्ग म्हणजे रांग. पहाटे, कित्येकदा आदल्या रात्रीच येऊन पदपथावर पथारी पसरावयाची, खिडकी उघडली की केसपेपर काढावयाचा आणि मग आपल्या विभागाच्या दाराशी पुन्हा दुसऱ्या रांगेत बसावयाचे. या पद्धतीत आधी येणाऱ्याला आधी प्रवेश असे. दिसावयास हा न्याय सरळ होता. परंतु जो रुग्णालयाजवळ राहतो, ज्याच्याबरोबर धडधाकट माणूस आहे, त्यालाच तो अनुकूल पडे. अधिक आजारी असणारा मागे राही, कारण रांगेत उभे राहण्यालाही प्रकृती लागते.

१ जुलै २०१५ रोजी ‘डिजिटल इंडिया’ कार्यक्रमाचा प्रारंभ झाला, आणि त्याचाच एक भाग म्हणून ‘ऑनलाइन रजिस्ट्रेशन सिस्टिम’, संक्षेपाने ‘ओआरएस’, ही योजना देशापुढे आली. राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राने, म्हणजेच एनआयसीने, रुग्णालयांच्या कारभारासाठी ‘ई-हॉस्पिटल’ नावाची संगणकप्रणाली सिद्ध केली आहे, तिच्याशी ही योजना जोडलेली आहे. रुग्णाने घरबसल्या रुग्णालय, विभाग आणि तारीख निवडावयाची. मोबाइलवर आलेल्या सांकेतिक आकड्याने आपली ओळख पटवावयाची. आणि त्या दिवशी जागा असेल तर भेट निश्चित झाल्याचा संदेश त्याच्या हाती यावयाचा. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यानंतर रुग्णालयात येऊन भिंतीवरील चौकोनी संकेतचित्र मोबाइलने टिपले की आपली माहिती खिडकीपर्यंत पोहोचते आणि टोकन मिळते, अशीही सोय ठिकठिकाणी झाली. पदपथावरील रात्र ज्याची वाचली त्याला या सोयीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

तथापि येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमुक दिवशी तुमचे नाव नोंदले आहे असे सांगणे हे एक काम. आणि अमुक वाजता डॉक्टर तुम्हांला तपासतील असे सांगता येणे हे अगदी निराळे काम. पहिल्याला नोंदणी म्हणतात, दुसऱ्याला नियोजन. नोंदणीसाठी मोजणी पुरते, नियोजनासाठी मात्र रांगेचे शास्त्र जाणावे लागते.

रांगेचेही शास्त्र आहे हे ऐकून काहींना नवल वाटेल. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे एर्लांग नावाचे डॅनिश गणिती होऊन गेले. एकाच वेळी किती लोक टेलिफोन जोडून मागतील, याचा त्यांनी गणिताने विचार केला आणि १९०९ साली आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तेथील बाह्यरुग्ण विभागांत गर्दी लोटू लागली. तेव्हा नॉर्मन बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ साली हेच गणित रुग्णालयाला लावून दाखविले. सगळ्या रुग्णांना एकदमच नऊ वाजता बोलाविले, तर डॉक्टरचा क्षणही वाया जात नाही. पण रुग्णांचे तासन्‌तास जातात. बरोबर सरासरी वेळेच्या अंतराने एकेकाला बोलाविले, तर एखादा रुग्ण उशिरा आला की डॉक्टर रिकामा बसतो. त्यांनी सुचविलेला मधला मार्ग असा, की आरंभी दोघांना बोलवावे आणि पुढच्यांना तपासणीच्या सरासरी वेळेइतक्या अंतराने बोलवावे. सूचना साधी खरी; पण रुग्णाच्या वेळेलाही काही किंमत आहे हे तीत हिशेबाने मान्य केलेले होते.

या शास्त्राचा दुसरा एक धडा आपल्या रुग्णालयांना फारच लागू आहे. समजा, एक डॉक्टर सरासरी सहा मिनिटांत एक रुग्ण तपासतो. रुग्ण मनाला येईल तेव्हा येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही बराच कमीजास्त होतो. डॉक्टरच्या वेळेपैकी शेकडा ८० भाग कामात जात असेल, तर रुग्णाला सरासरी २४ मिनिटे थांबावे लागते. कामाचा भार शेकडा ९० झाला, की हीच प्रतीक्षा ५४ मिनिटांवर जाते, आणि शेकडा ९५ झाला, की ११४ मिनिटांवर. काम थोडेसेच वाढते, रांग मात्र अनेक पटींनी वाढते. म्हणून डॉक्टरला एक मिनिटही उसंत मिळू नये असे वेळापत्रक जो अधिकारी आखतो, तो कार्यक्षमतेच्या नावाने रांगच पोसत असतो.

आता शिकवणाऱ्या रुग्णालयाकडे वळू. येथे रुग्ण प्रथम निवासी डॉक्टरकडे जातो. हा पदवीधर असतो आणि आता एखाद्या विषयातील तज्ज्ञ होण्यासाठी शिकत असतो. तो रुग्णाची हकिकत विचारतो, शरीर तपासतो, आपले अनुमान बांधतो आणि मग प्राध्यापकांपुढे सारे मांडतो. प्राध्यापक दोन प्रश्न विचारतात, स्वतः रुग्णाला पाहतात, कोठे चुकले ते दाखवितात आणि उपचार ठरवितात. निवासी डॉक्टर पुन्हा रुग्णाला ते समजावून सांगतो आणि कागद पुरे करतो. म्हणजे दारावर जरी एकच रांग दिसली, तरी आत दुसरी एक रांग असते, आणि ती प्राध्यापकांपाशी लागलेली असते. तिच्यात रुग्ण आणि विद्यार्थी दोघेही उभे असतात.

एक कल्पित उदाहरण घेऊन हे स्पष्ट करतो. एक प्राध्यापक आणि तीन निवासी डॉक्टर आहेत. नव्या रुग्णासाठी निवासी डॉक्टरला पंधरा मिनिटे लागतात. प्राध्यापकांसमवेत सहा मिनिटे जातात. शेवटच्या समजावणीला आणि लिखाणाला चार. तिघांकडेही नऊ वाजता एकेक रुग्ण पाठविला, तर सव्वानऊला तिघेही एकाच वेळी प्राध्यापकांच्या टेबलापाशी येतात. पहिल्याचे काम लगेच होते, दुसरा सहा मिनिटे थांबतो, तिसरा बारा. उलट, रुग्णांना नऊ वाजता, नऊ वाजून सहा मिनिटांनी आणि नऊ वाजून बारा मिनिटांनी असे बोलाविले, तर पहिला मोकळा होतो त्याच क्षणी दुसरा तयार असतो आणि त्याच्यामागोमाग तिसरा. कोणीच थांबत नाही. शिवाय पंचवीस मिनिटांच्या प्रत्येक फेरीत प्राध्यापकांची अठराच मिनिटे खर्च होतात. उरलेल्या सात मिनिटांत एखादा फेरतपासणीचा रुग्ण पाहता येतो, किंवा एखादा अवघड रुग्ण विद्यार्थ्यांना सावकाश उलगडून दाखविता येतो.

हाच हिशेब पुढे चालवून पाहा. गर्दी फार आहे म्हणून चौथा निवासी डॉक्टर बसविला. आता पंचवीस मिनिटांपैकी चोवीस मिनिटे प्राध्यापक कामात गुंतले. कागदावर रुग्णसंख्या वाढली. परंतु प्रत्यक्षात कोणाचा ना कोणाचा वेळ दोन मिनिटे लांबतोच, आणि ती दोन मिनिटे पुढच्या प्रत्येकाच्या वाट्याला येत जातात. बाहेरची रांग आत आली, एवढेच काय ते घडले. अशा वेळी कशाला कात्री लागते? तपासणी टाळता येत नाही, औषध लिहिल्याशिवाय भागत नाही. मग ‘तुला असे का वाटले?’ हा प्राध्यापकांचा प्रश्न गळतो. तो गळला म्हणून त्या दिवशी कोणी तक्रार करीत नाही. रुग्णाला तर त्याचा पत्ताही नसतो. परंतु हा प्रश्न ज्याला कधी विचारलाच गेला नाही, तो विद्यार्थी उद्या एखाद्या तालुक्याच्या गावी एकटाच डॉक्टर असेल, आणि तेथे त्याला तो विचारणारे कोणीही नसेल.

मला या विषयात जे सांगावयाचे आहे ते नेमके हे. शिकवण्याची मिनिटे वेळापत्रकात उघडपणे लिहिली पाहिजेत. जे मोजले जात नाही ते कारभारात टिकत नाही, हा सरकारी दप्तरांचा जुना अनुभव आहे. संगणकाला आपण ‘एका रुग्णाला सहा मिनिटे’ एवढेच सांगितले, तर तो निमूटपणे दर सहा मिनिटांना रुग्ण पाठवील. शिकविणे हा त्याच्या दृष्टीने विलंब ठरेल. पण ‘नव्या रुग्णाला इतका वेळ, फेरतपासणीला इतका, आणि अध्यापनाला इतका’ असे सांगितले, तर तो तेही तितक्याच निष्ठेने पाळील. यंत्र निष्ठुर नसते आणि दयाळूही नसते. त्याला नेमून दिलेले काम तेवढे ते करते.

यात आणखी एक बारकावा आहे. एम्ससारख्या संस्थेत निवासी डॉक्टरांच्या नव्या तुकड्या जानेवारी आणि जुलै अशा वर्षातून दोनदा रुजू होतात. ज्याचे शिक्षण संपत आले आहे त्याला जे काम दहा मिनिटांत जमते, त्याला नवख्याचा अर्धा तासही लागेल. तो संथ असतो असे नव्हे. तो जपून पावले टाकीत असतो आणि तसेच त्याने करावयास हवे. म्हणून जूनमध्ये चपखल बसलेले वेळापत्रक जुलैत विस्कटते. संगणकाचा खरा उपयोग येथे आहे. कोणत्या महिन्यात, कोणत्या विभागात, कोणत्या प्रकारच्या रुग्णाला प्रत्यक्ष किती वेळ लागला याची नोंद त्याच्यापाशी असते. तिच्यावरून नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यांत रुग्णांची संख्या थोडी कमी ठेवता येते आणि पुढे ती हळूहळू वाढविता येते. फेरतपासणीचा रुग्ण शक्यतो त्याच गटाकडे, जमल्यास त्याच निवासी डॉक्टरकडे, परत जाईल अशी व्यवस्थाही करता येते. रुग्णाला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागत नाही, आणि आपण दिलेल्या औषधाचा गुण आला की नाही हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर राहते. हा दुसरा लाभ पुस्तकातून मिळणारा नाही.

कोणी विचारील, की ज्या देशात डॉक्टर थोडे आणि रुग्ण अपार, तेथे ही मिनिटांची चैन कशाला? प्रश्न रास्त आहे. २०१७ साली सदुसष्ट देशांतील प्राथमिक वैद्यकीय तपासणीच्या कालावधीचा एक आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटे मिळत होती, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आणि जगाची निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते, तेथे पाच मिनिटेही मिळत नव्हती. आपला देश या शेवटच्या गटातच येतो. ही टंचाई संगणक दूर करू शकणार नाही; तो नवे डॉक्टर निर्माण करीत नाही. ते निर्माण होतात शिकवणाऱ्या रुग्णालयांतच. तेथील अध्यापनाचा वेळ कापून आजची रांग तोकडी करणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे. पोट आज भरते, पेरणीच्या वेळी हात रिकामे राहतात.

या व्यवस्थेतील दोन धोक्यांचाही उल्लेख करावयास हवा. पहिला न्यायाचा. जुनी रांग पदपथावर झोपू शकणाऱ्याला झुकते माप देई. नवी रांग ज्याच्या हाती चांगला मोबाइल आहे आणि ज्याला तो वापरता येतो त्याला देते. ज्याच्याजवळ मोबाइल नाही, किंवा ज्याच्या जुन्या क्रमांकाची नोंद बदललेली नाही, तो घरबसल्या नंबर कसा लावणार? यासाठी रोजच्या जागांपैकी काही जागा खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखून ठेवणे, आणि तेथे मदतीला माणूस बसविणे, ही मेहेरबानी नव्हे. तो नियोजनाचाच भाग आहे. तसेच, जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरने तातडीची म्हणून पाठविलेली चिठ्ठी यंत्राच्या तारखेपेक्षा वरचढ ठरली पाहिजे. कोण आधी आला हे यंत्राला कळते. कोण अधिक आजारी आहे हे माणसालाच ठरवावे लागते.

दुसरा धोका यंत्र बंद पडण्याचा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी एम्सच्या संगणकांवर बाहेरून हल्ला झाला. पाच सर्व्हर त्यात सापडले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली, असे सरकारने पुढे संसदेत सांगितले. सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतची कामे हाताने लिहून करावी लागली. त्या दिवसांत रुग्णालय बंद पडले नाही, याचे श्रेय ज्यांनी पुन्हा कागद आणि लेखणी हाती घेतली त्या कर्मचाऱ्यांना, परिचारिकांना आणि निवासी डॉक्टरांना दिले पाहिजे. म्हणून दुसऱ्या दिवसाची यादी आदल्या संध्याकाळी छापून ठेवणे, आणि हाताने नोंद करण्याचा सराव मोडू न देणे, या साध्या गोष्टी मोठ्या यंत्रणेलाही सोडून चालणार नाहीत.

शेवटी आपल्या, म्हणजे नागरिकांच्या, वाट्याचे काम उरते. वेळ ठरवून न येणाऱ्यांची संख्या मोठी असली, की व्यवस्थापकांना जागांपेक्षा अधिक नावे नोंदवावी लागतात. समजा, वीस जागा आहेत आणि पाचांपैकी एक जण येत नाही असा अनुभव आहे; तर पंचवीस जणांना बोलाविले जाते. मग ज्या दिवशी पंचवीसही हजर होतात, त्या दिवशी शेवटच्या पाचांना संध्याकाळ होते. आपले जाणे रद्द झाले, तर नोंदलेली भेट रद्द करावी. तेवढ्याने कोणा अनोळखी माणसाचा एक हेलपाटा वाचतो. जुने कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. आणि एखादा तरुण डॉक्टर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारू लागला, आपल्याला थांबवून ज्येष्ठांना बोलावून आणू लागला, तर उतावीळ होऊ नये. त्या दहा मिनिटांत आपल्यावर दोन डॉक्टरांची नजर फिरत असते, आणि त्यांपैकी एकाची नजर अधिक तीक्ष्ण होत असते. पुढे तीस-चाळीस वर्षे तिचा लाभ ज्यांना होणार आहे, ते रुग्ण आज कोठे आहेत हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित ते आपल्याच गावात असतील.